खाली म्हणजे खाली

भद्रकालीत पहिल्या मजल्यावरच्या एका खोलीत मी आणि आशा अकरा वर्षं ब्लाउज शिवतोय. शिवत होतो, असं म्हणायला हवं, पण जीभ अजून वळत नाही. ती चांदवडची, मी मनमाडची. माझ्या घरी उर्दू.

पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "रोशन, तो फळीवरचा बटणांचा डबा खाली कर." मी इमानदारीनं सगळी बटणं टेबलावर ओतली. आमच्यात खाली म्हणजे रिकामं. पोट दुखेस्तोवर हसलो आणि त्याच दिवशी ठरवलं, या खोलीत खाली म्हणजे नीचे. रिकाम्याला रिकामं म्हणायचं. घरमालक जयंतीभाई गुजराती, त्यांचं 'खाली पाँच मिनट' म्हणजे फक्त पाच मिनिटं. सटाण्याची एक गिऱ्हाईक नीचेला 'खाले' म्हणायची. मी सगळ्यांचं सांभाळून घेतलं, पण आशाचं खाली माझ्या तोंडात इतकं बसलं की एकदा अम्मीला म्हणाले, "खाली बैठो." ती माझ्याकडे बघतच राहिली.

आम्हाला एकच ध्यास होता, खालचा गाळा. जिना पाहूनच बायका परत फिरायच्या. खालचं चपलांचं दुकान बंद होणार कळल्यापासून आरसा कुठे लावायचा यावर आमचे रोज वाद. मी म्हणायचे, दाराच्या डाव्या हाताला, तिथं उजेड येतो.

एक दिवस सुईत दोरा ओवता ओवता आशा म्हणाली, "एक तारखेपासून आपली जागा खाली."

मी वेड्यासारखी मजलाभर जिलेबी वाटली. गिऱ्हाइकांना सांगत सुटले, आता जिना नाही. आशानं दोन जिलेब्या खाल्ल्या आणि बोटं पुसून पुन्हा मशीनवर बसली.

तीस तारखेला जयंतीभाई वर आले. "रोशनबेन, रूम खाली नहीं किया? आशाबेन ने तो कब का नोटिस दे दिया. नीचे का गाला भी उनको दे दिया मैंने." खोलीचा करार पहिल्यापासून तिच्या नावावर होता. मला त्यात कधी वावगं वाटलं नव्हतं.

मी खाली गेले. आशा स्टुलावर उभी राहून आरसा लावत होती. दाराच्या डाव्या हाताला.

"आपली जागा खाली म्हणाली होतीस ना तू?"

"म्हणलेच की. वरची जागा खाली. खोटं कुठं बोलले मी?"

"आशा, आपलं काय ठरलं होतं? खाली म्हणजे काय?"

तिनं मागं वळूनही पाहिलं नाही. "आता तुमच्यात खाली म्हणजे रिकामंच हाय, त्याला मी काय करू?"

तुमच्यात. अकरा वर्षांत हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. गाळा गेला त्याचं दुःख आहेच. पण जी भाषा मी तिच्यासाठी घरातसुद्धा विसरले, तीच तिनं माझ्यावर उलटवली. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच.

मी वर आले आणि माझं मशीन उचलायला गेले. ते जड आहे, एकटीला उचलवत नाही. आजवर त्याचं दुसरं टोक आशाच धरायची.