एका बहिणीसाठी

चर्चच्या मंडळीतल्या बायका तिला लाडानं 'शेपूट' म्हणत, कारण फोनवरच्या प्रार्थनेच्या साखळीत ती सगळ्यात शेवटी होती. कुणाचं दुखणं, कुणाची परीक्षा, काही असलं की पाळकबाई पहिल्या बाईला फोन करायच्या, ती दुसरीला, दुसरी तिसरीला, आणि फिरत फिरत ते शिंपीणकाकूंकडून शेपटाकडे यायचं. शेपटानं पुढे कुणालाच कळवायचं नसे. फोन ठेवायचा, डोळे मिटायचे आणि प्रार्थना करायची. आई होती तोवर ती निदान आईच्या कानात ओरडायची, "अमकीच्या नवऱ्याचं पोट दुखतंय, प्रार्थना कर." बहिरी आई म्हणायची, "काय, कोण गेलं?" आता तेवढं विचारणारंही घरात कुणी नव्हतं.

आई गेली आणि छातीतली धडधड सुरू झाली. हॉटेलच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करायची तिची दुपारपाळी. बसथांब्याशी पोचली की मनात यायचं, गॅस चालू राहिला. परत यायची. गॅस बंद. पुन्हा निघायची, तर कुलूप. कुलूपही ठीक. काल तर ती अर्ध्या जिन्यातूनच माघारी आली आणि दाराच्या आत पायपुसण्यावर बसून राहिली. मुकादमबाई फोनवर म्हणाली, "उद्या वेळेवर या, नाहीतर येऊच नका. चादरी काय मी मांडीवर घेऊन बसू?"

म्हणून आज सकाळी तिनं पाळकबाईंना फोन लावला. "नाव सांगू नका," हे पुन्हा पुन्हा बजावलं. "एका बहिणीला घराबाहेर पडायची भीती वाटते, एवढंच म्हणा." पाळकबाईंनी खोदून विचारलं नाही. कामाची वेळ झाली तशी ती चपला घालून दाराशी उभी राहिली. हात कडीवर गेला आणि तिथेच राहिला. देवाशी बोलावं तर शब्द फुटेना. दुसऱ्यांसाठी मागताना जीभ कशी सरसर चालायची. स्वतःसाठी मागायचं म्हणजे पंगतीत स्वतःच स्वतःला वाढून घेतल्यासारखं वाटत होतं.

तेवढ्यात फोन वाजला. शिंपीणकाकू.

साखळीच्या डोक्याशी सोडलेली गोष्ट शेपटापर्यंत येणारच, हे तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आलं.

"शेपूट, ऐक. आपल्यातली कुणी एक बहीण आहे, नाव नाही सांगितलं. तिला म्हणे दाराबाहेर पडवत नाही."

"हो का," शेपूट म्हणाली.

एरवी काकू एवढं सांगून खाडकन फोन ठेवायच्या. मागे त्यांचं शिलाई मशीन खडखडत असायचं. आज ते बंद होतं.

"हसू नकोस हं. पण हे ऐकल्यापासून माझा हातच चालेना. आमचे हे गेले ना, तेव्हा मी गिऱ्हाइकांना कपडे खिडकीतूनच द्यायचे. लोकांना वाटलं, बाईला गर्व चढला."

"मग?"

"मग काय. रोज प्रभूला म्हणायचे, उंबऱ्यापर्यंत तू ने, पुढचं पुढे बघू. नेतो गं तो. धडधड लगेच नाही जात, पण सोबतीला कुणीतरी आहे हे कळतं. चल, दोघी मिळून करू तिच्यासाठी. हे प्रभू, तुझी ही लेक बिचारी..."

"काकू," ती म्हणाली, "ती मीच."

काकूंनी प्रार्थना तिथेच सोडली.

"अगं, मग आधी नाही का सांगायचं? मी आपली परक्या बाईसारखी सांभाळून बोलतेय." मग आवाज खाली आला. "चपला घातल्यास?"

"हो."

"फोन कानालाच ठेव. डोळे उघडे ठेवून केलेली प्रार्थनाही ऐकतो तो. जिना उतरताना तर उघडेच ठेव."

ती बाहेर पडली. काकूंची प्रार्थना चालूच होती; आधी तिच्या छातीसाठी, मग मुकादमबाईच्या रागासाठी, मग आडवळणानं काकूंच्या स्वतःच्या गुडघ्यांवर आली. कोपऱ्यावर तिचे पाय थबकले. मागे फिरावंसं वाटलं.

"प्रभू," ती मोठ्यानं म्हणाली, "मी आहे. मला फार भीती वाटतेय."

रस्त्यावरचा एक माणूस वळून बघायला लागला. काकू फोनमध्ये "आमेन" म्हणाल्या.

बस आली तशी ती चढली. काकूंना गिऱ्हाईक आलं, फोन बंद झाला. शेजारची जागा रिकामीच होती. छाती अजून धडधडत होती, पण बोलायला एकदा सुरुवात झाली होती. खिडकीकडे तोंड करून ती प्रभूला सांगत राहिली, आईबद्दल, रिकाम्या घराबद्दल, आणि उतरायची वेळ आली तरी तिचं सांगणं संपलं नव्हतं.