चालू ठेवलेला बल्ब

बसा, मायबापहो, थोडं जवळ सरका. मागच्यांनाही ऐकू जाऊ दे. लेबनॉनातल्या एका सुताराची आणि त्याच्या बायकोची गोष्ट सांगतो. गोष्ट गोड नाही, माणसं मात्र फार गोड होती.

त्रिपोलीच्या बंदराजवळ, तिसऱ्या मजल्यावर समीहा आणि वफीक राहत. मुलाचं नाव मुनीर, म्हणून तिथल्या रीतीनं ती त्याला अबू मुनीर, म्हणजे मुनीरचा बाप, आणि तो तिला उम्म मुनीर, मुनीरची आई, अशी हाक मारायचा. ओट्याशेजारच्या कपाटात विजेचा ओव्हन वफीकनंच मापात बसवला होता. उद्या ईद. खजूर भरलेल्या मामूल बिस्किटांच्या पराती टेबलावर फडक्याखाली तयार होत्या, आणि ओव्हनच्या छताला लावलेली ग्रिलची कॉइल पुढून निसटून हलत्या दातासारखी लोंबत होती. परात आत सरकवली की अडकायची.

"भट्टीवर ने ना परात," वफीक म्हणाला. "सगळी गल्ली नेते."

"आणि भट्टीवाल्याच्या मटणाचा वास लागलेलं मामूल मुनीरला घालू? पोरगं इतक्या वर्षांनी जर्मनीहून येतंय आज. अबू मुनीर, जगाची दारं बसवलीस, घरातली एक कॉइल बसवायला तुला मुहूर्त सापडेना."

"दिवसभर माझं डोकं खातेस, उम्म मुनीर. तुझा रोजा टिकतो तरी कसा?"

ती हसली. तो हत्यारांची पिशवी घेऊन आला आणि सवयीनं दाराजवळच्या मेन स्विचकडे वळला.

"मेन नको बंद करू रे," समीहा म्हणाली. "मग वीज आली ते कळणार कसं? गच्चीवरची टाकी ठणठणीत कोरडी आहे. मागच्या खेपेला आली आणि आपण बघेपर्यंत गेलीसुद्धा."

वीज जाऊन कितीतरी दिवस झाले होते. गल्लीतल्या जनरेटरचा जोड त्यांना परवडेना, म्हणून सोडून दिलेला. त्या शहरात प्रत्येक घरात एका बल्बचं बटण कधी बंद करत नाहीत. यांचा बल्ब स्वयंपाकघरातला. तो पेटला की धावायचं. आधी पाण्याची मोटर, मग बाकीचा संसार.

वफीक थबकला. ओव्हनचा खटका बंदच होता, आणि वीज तर नव्हतीच. जी नाही तिला बंद काय करायचं, असं त्याच्या मनानं घेतलं. तिथं कुणाच्याही मनानं हेच घेतलं असतं.

तो गुडघ्यांवर बसला, डोकं आत घातलं, मागचे स्क्रू काढले. वाकलेली पट्टी सरळ करायला कॉइल पुढे ओढली, तशा मागच्या वायरीही उघड्या टोकांनिशी बाहेर आल्या. खटका त्यांतली एकच वायर तोडत होता, दुसरी थेट मेनवरून येत होती.

समीहा बाल्कनीत दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती. खाली पोरांचा कल्ला उठला, "आली, आली!" मग मजल्यामजल्यावरून तोच गजर.

"अबू मुनीर, आली रे!" तीही आनंदानं ओरडली, घरातल्या बोळातून धावली आणि मोटरचं बटण दाबलं. नळाला कान लावून उभी राहिली. पाणी वर चढू लागलं.

"ऐकलंस का? टाकी भरतेय."

सांगत सांगतच ती आत आली.

स्वयंपाकघरात बल्ब लख्ख जळत होता. वफीक ओव्हनसमोर तसाच, नमाजातल्या सजद्यात असावा तसा. एक हात वायरींवर, दुसरा लोखंडी चौकटीवर. तिनं जाऊन मेन खाली ओढला. बल्ब विझला, मोटर थांबली, आणि तो हळूच फरशीवर कलंडला.

मोटर पुन्हा कुणी लावली, ते तिला आठवत नाही. शेजाऱ्यांपैकीच कुणीतरी. मय्यताला पाणी लागणारच होतं.

मुनीर आला. बापाला त्यानंच आंघोळ घातली. ओल्या बाह्यांनी बाहेर येऊन म्हणाला, "पाणी पुरलं, यम्मा."

"पुरणारच," समीहा म्हणाली. "आधी मोटरच लावली ना मी."

तिच्या स्वयंपाकघरातल्या बल्बचं बटण आता बंद असतं. वीज आलेली तिला शेजारून कळते. तिचं काळीज त्या दयाळू देवानं निववावं, एवढंच मी मागतो.

आणि तुमच्याकडे एक मागणं. तुमच्या घरात गेलेली वीज परत येईल, पोरं आनंदानं ओरडतील. तेव्हा आपणही ओरडण्याआधी श्वासभर थांबा, आणि वफीक सुताराची आठवण काढा.