वेल्डरच्या कोंबड्या

सिस्टरांचा सगळा जन्म इस्पितळात गेला. लग्न केलं नाही, राहणंही तिथल्याच क्वार्टर्समध्ये. निवृत्त झाल्यावर त्यांनी वस्तीच्या टोकाला दोन खोल्या आणि मागची मोकळी जमीन घेतली, तेव्हा भाचीने कपाळाला हात लावला.

"मावशी, तिथे दिवसदिवस माणूस दिसायचं नाही!"

"माणसं पुष्कळ पाहिली," सिस्टर म्हणाल्या. "आता भेंडी बघते."

उन्हाळा तोंडावर आला तसे त्यांनी वाफे केले. भेंडी, गवार, चवळी लावली, काकडीचे वेल सुतळीवर चढवले. दुपारचं ऊन कोवळ्या रोपांना सोसेना म्हणून वर हिरवी जाळी बांधली आणि मुळांशी वाळक्या गवताचा जाड थर पसरला. पहाटे त्या वाफ्यांमधून फिरायच्या ते थेट वॉर्डात राउंड घेतल्यासारख्या. कोण मलूल आहे, कुणाला कीड लागलीय, कुणाला पाणी जास्त झालंय. फक्त इथे "सिस्टर, जरा इकडे या ना" असं कुणी म्हणत नव्हतं.

सुरुवातीला हे सुखाचं वाटलं. नंतर मात्र संध्याकाळी झारी खाली ठेवली की काय करावं सुचेना. एकदा त्यांच्या ध्यानात आलं, सकाळपासून आपण तोंडच उघडलेलं नाही. मग त्या उगीच मोठ्याने म्हणाल्या, "चला, भात टाकावा," आणि स्वतःच्याच आवाजाने दचकल्या.

बोलायला एकच माणूस होता आणि त्याच्याशी भांडण होतं. शेजारी एक म्हातारा एकटाच राहायचा. हयातभर वेल्डिंग केलेलं, त्यामुळे सगळे त्याला वेल्डरच म्हणत. त्याच्या कोंबड्या कुंपणाखालून घुसायच्या आणि त्या गवतावर तुटून पडायच्या. खालच्या ओल्या मातीत किडे असत ना! बघता बघता चवळीची रोपं मुळं वर करून पडलेली असत.

"अहो वेल्डर! ही तुमची फौज आवरा!"

"त्या माझं ऐकतात होय? तुम्हीच मेजवानी मांडून ठेवलीय," पलीकडून खणखणीत आवाज यायचा.

"मग कुंपण नीट करा."

"कुंपण तुमचं आहे!"

"कोंबड्या तुमच्या आहेत!"

मग वेल्डर काठी घेऊन यायचा. "चला गं बायांनो, नाहीतर सिस्टर इंजेक्शन देतील," म्हणत त्यांना हाकायचा आणि जाता जाता टोमणा मारायचा, "एवढी भेंडी! पलटण येणार आहे का जेवायला?" सिस्टर तणतणत रोपं पुन्हा मातीत खोचायच्या. पण त्या दिवशी दोन घास जास्त जायचे.

एका सकाळी कोंबड्या आल्या. सिस्टरांनी हाक मारली, पलीकडून उत्तर नाही. शेवटी त्यांनीच पदर खोचून त्यांना हुसकलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. 'शरमला असेल,' असं त्या मनाशी म्हणाल्या खऱ्या, पण खुरपं हातात तसंच राहिलं. कोंबड्या आज गवत उकरतच नव्हत्या. झारीखाली साचलेल्या पाण्यावर त्यांची झुंबड उडाली होती. यांना कुणी पाणीच ठेवलेलं नाही, हे सिस्टरांच्या लक्षात आलं.

त्या तशाच मातीच्या हातांनी शेजारी गेल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. दार नुसतं लोटलेलं होतं. वेल्डर खाटेवर तापाने फणफणला होता आणि त्याचा एक पाय गुडघ्यापर्यंत लालभडक सुजला होता.

"हे कशाने झालं?"

"तार लागली," तो डोळे न उघडता म्हणाला. "तुमचं कुंपण खालून बांधत होतो."

सिस्टर करवादल्या, "अहो, मग हाक मारायची होती!"

"मारणार होतो. म्हटलं, सकाळीसकाळी भांडण उकरून काढतोय असं वाटेल तुम्हाला."

सिस्टरांनी गाडी बोलावली आणि त्याला आपल्याच जुन्या इस्पितळात नेलं. तिथल्या नव्या नर्स मुली त्यांना ओळखत नव्हत्या. एकीने विचारलं, "आजी, तुम्ही पेशंटच्या कोण?" त्या म्हणाल्या, "शेजारी," आणि बाकावर बसून राहिल्या. पाय वाचला. उशीर झाला असता तर कठीण होतं, असं डॉक्टर म्हणाले.

वेल्डरची मुलगी धावत आली. चांगली होती बिचारी, सिस्टरांचे हात धरून रडली. "आता बाबांना एकटं ठेवणार नाही," ती म्हणाली. यात चूक काढण्यासारखं काहीच नव्हतं. घराला कुलूप लागलं. कोंबड्या सिस्टरांकडे आल्या. तो गाडीत बसला तेव्हा सिस्टरांनी पिशवीभर भेंडी त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने पिशवी घट्ट धरली.

ऊन वाढत गेलं. गवार जून व्हायला लागली, काकड्या पानाआड लोंबू लागल्या. एका संध्याकाळी त्यांनीच फोन लावला.

"काकडी धरली का?" त्याचा आवाज बारीक झाला होता. मागे टीव्ही चालू होता.

"धरली की. वेल वाकलेत."

"कडू नाही ना?"

"नाही. गोड आहे."

"परत कधी येताय?" हे सिस्टरांच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तोच म्हणाला, "पोरगी नाही म्हणते. तिचंही खरं आहे." मग पलीकडून कुणीतरी गोळी घ्यायला हाक मारली. "ठेवू का?"

"ठेवा. गोळी चुकवू नका."

सिस्टर बाहेर आल्या. ऊन उतरलं होतं, माती अजून गरम होती. त्यांनी सगळ्या वाफ्यांना सावकाश पाणी दिलं. एक काकडी तोडली, पायरीवर बसून चिरली, मीठ लावून अर्धी खाल्ली. उरलेली अर्धी ओल्या फडक्यात गुंडाळून उद्यासाठी ठेवली.