ताईची सही

मी चौतीस वर्षं लिफ्ट चालवली. सात मजली इमारत, पितळी दांड्याची लिफ्ट आणि आत माझं स्टूल. तळापासून सातव्यापर्यंत सव्वा मिनिट लागायचं, म्हणून माझ्या सगळ्या गोष्टी सव्वा मिनिटाच्या. तिसऱ्यावर उतरणाऱ्याला अर्धीच मिळायची; तो संध्याकाळी जाताना उरलेली मागून घ्यायचा. एकदा इतका वजनदार गृहस्थ आत आला की मी दांडा फिरवला, तर लिफ्ट जागच्या जागी राहिली आणि इमारतच खाली गेली. त्या दिवशी सातव्या मजल्यावरची मंडळी खिडकीतून थेट रस्त्यावर पाय टाकून घरी गेली. खोटं वाटत असेल तर त्या गृहस्थालाच विचारा. आता तो बारीक झालाय, ओळखू येणार नाही एवढंच.

पुढे बटणांची लिफ्ट आली आणि मी घरी बसलो. घरी ताई होती. माझ्याहून चार वर्षांनी थोरली, माझ्यासारखीच बिनलग्नाची, डावखुरी, आणि माझ्या एकाही गोष्टीला न हसलेली. माझी दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली तेव्हा तिने सर्जनना विचारलं, "माझं एक काढून ह्याला बसवलं तर हा थापा मारायचा थांबेल का?"

"तशी खात्री देता येत नाही," सर्जन म्हणाले.

"बरं. बसवा तरी."

ते ऑपरेशन दुसऱ्या गावी झालं. त्यानंतर सहा वर्षांनी ताई दुपारच्या झोपेतून उठलीच नाही. तिचं जेवढं चालू राहिलं तेवढं माझ्या पोटात उजवीकडे, खालच्या अंगाला आहे. हात ठेवला की हाताला लागतं.

आता आपल्या अंगात पहारेकरी असतात. कोणी परका घुसला की त्याला हाकलायचं हे त्यांचं काम. माझे पहारेकरी इतके अडाणी की साठ वर्षं एका घरात काढलेल्या सख्ख्या बहिणीला ओळखत नाहीत. म्हणून सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ अशी त्यांना गुंगीची गोळी द्यायची. गोळी कमी पडली तर ते ताईच्या अंगावर जातात. जास्त झाली तर ढाराढूर झोपतात आणि मग रस्त्यावरचा कुठलाही ताप आत येऊन पाय पसरतो.

आमच्या इस्पितळातल्या डॉक्टरबाईंचं संशोधन याच गोळीवर होतं. कमीत कमी किती गोळीत भागतं? साठ पेशंट, दर महिन्याला रक्त, दोन वर्षं. मी एक्केचाळीस नंबरचा. अट एकच होती. घरी कोणीतरी सोबतीला हवं, पेशंटच्या तापावर लक्ष ठेवणारं आणि दर रविवारी त्याच्या डायरीत सही करणारं.

"घरी कोण असतं, काका?" रक्त घेणाऱ्या सिस्टरने फॉर्म भरताना विचारलं.

"ताई असते," मी पोटावर हात ठेवून म्हणालो. ते अगदीच खोटं होतं असं मला अजूनही वाटत नाही.

सही मी डाव्या हाताने करायचो. ताईची होती तशीच, शेवटच्या अक्षराची शेपटी वर उडालेली आणि शाई तळहाताने पुसटलेली.

या सिस्टरला मी डासबाई म्हणायचो. पहिल्यांदा म्हणालो तेव्हा तिने सुई जरा जोरात टोचली, पण हसली. रक्त सकाळी आठच्या गोळीआधी द्यायचं. रात्रभरात औषध उतरत उतरत तळाला किती उरतं ते त्यांना बघायचं असतं. त्यामुळे गोळी खिशात ठेवून यायचं, रक्त द्यायचं आणि मग तिच्यासमोर गिळायची. ती पाण्याचा ग्लास हातात देई. तेवढ्यात माझी एक गोष्ट होई. महिन्यातून सव्वा मिनिट.

बाकीचे दिवस? दूध मशीनमधून घ्यायचो, वीजबिल फोनवरून भरायचो. एकदा नऊ दिवस कोणाशी बोललो नव्हतो आणि दहाव्या दिवशी फोनवर चुकीचा नंबर लावणाऱ्या बाईला मी वीस मिनिटं रोखून धरलं होतं. तिला सुतार हवा होता. शेवटी मी तिच्या कपाटाचं माप घेतलं.

एका महिन्यात चूक झाली. खरीखुरी चूक, शपथेवर. बस लवकर येणार म्हणून घाई केली आणि सवयीने गोळी घरीच गिळून गेलो. दुसऱ्या दिवशी फोन आला.

"काका, तुमची लेव्हल फार वर आलीय. उद्या परत याल? सकाळी गोळी घेऊन तर नव्हता ना आलात?"

"छे," मी म्हणालो. कबूल केलं असतं तर फोन तिथेच संपला असता.

त्या आठवड्यात तीन खेपा झाल्या. डॉक्टरबाई स्वतः खुर्ची ओढून समोर बसल्या. काय खाता, कधी झोपता, ताई काय म्हणतात? मी ताईच्या तक्रारी सांगितल्या: साखर जास्त घालतो, दिवे बंद करत नाही. डासबाई म्हणाली, "अगदी माझ्या आईसारख्या आहेत हो." अर्धा तास गेला. माझ्याकडे अर्ध्या तासाची गोष्टच नव्हती, तीन जोडाव्या लागल्या.

मग मी तेच करत राहिलो. सहाला उठायचं, साडेसहाला गोळी गिळायची, बरोबर आठला हात पुढे करायचा. खिशात दाखवायला दुसरी गोळी असायची. ती जिभेखाली धरून बाहेर थुंकायचो. लेव्हल वर, म्हणून डॉक्टरबाई गोळी कमी करणार. पुन्हा बोलावणं, पुन्हा वर, आणखी कमी. त्यांच्या खोलीत भिंतीवर आलेख होता. एकोणसाठ ठिपके कळपाने चाललेले आणि एक्केचाळीस नंबर एकटाच वर, कोपऱ्यात. "तुमचं शरीर औषध सोडतच नाही," त्या म्हणायच्या आणि त्यांचे डोळे चमकायचे. खरं सांगतो, माझ्याकडे बघून कोणाचे डोळे चमकल्याला बरीच वर्षं झाली होती.

चौथ्या महिन्यात त्यांचे डोळे चमकले नाहीत.

"मूत्रपिंड थकलं की रक्तात क्रिएटिनिन वाढतं. तुमचं एक पूर्णांक तीन होतं. आज दोन पूर्णांक एक आहे," त्या म्हणाल्या. "औषध भरपूर आहे, तरी शरीर मूत्रपिंड नाकारतंय. म्हणजे या गोळीचा तुमच्यावर उपयोगच नाही. उद्यापासून बंद करू, दुसरी सुरू करू."

मी पोटावर हात ठेवला. तिथे दुखत होतं. दोन दिवस दुखत होतं आणि मी तिला म्हणत होतो, ताई, जरा कळ काढ. पहारेकरी जागे झाले होते. मीच त्यांना जागं केलं होतं, चार गप्पांसाठी. आणि आता या बाई उरलीसुरली गुंगीही काढून घेणार होत्या.

"औषध भरपूर नाहीये," मी म्हणालो. "मी गोळी घेऊन येतो. रक्ताआधी. चार महिने."

डासबाई नळ्यांवर लेबलं चिकटवत होती. मान वर न करता म्हणाली, "आणि इमारत खाली गेली."

"हे खरं आहे."

"ते गृहस्थ पण खरेच होते ना, काका?"

डॉक्टरबाई हसल्या नाहीत, पण त्यांचाही विश्वास बसला नव्हता. "दर महिन्याला मी विचारलं, तुम्ही नाही म्हणालात. असं कोणी का करेल? तुमच्या ताईंना फोन लावा. गोळी किती वाजता घेता ते त्या सांगतील."

"तिला लावता येणार नाही."

"का?"

टेबलावर माझी डायरी होती. मी पेन डाव्या हातात घेतलं आणि पुढच्या रविवारच्या रकान्यात सही केली. शेपटी वर. तळहात शाईवरून फिरवला. मग मागची पानं एकेक उलटून त्यांच्यासमोर ठेवली. सगळीकडे तीच शेपटी, तोच डाग.

"ती जाऊन तीन वर्षं झाली," मी म्हणालो. "तिचं जे आहे ते इथे आहे. तेवढं वाचवा."

डासबाईच्या बोटाला एक लेबल चिकटून राहिलं होतं.

मला त्याच दिवशी दाखल करून घेतलं. तीन दिवस सलाइनमधून जोरदार औषध चढवलं आणि गोळी पूर्वीइतकी केली. क्रिएटिनिन एक पूर्णांक सातवर येऊन थांबलं. "ह्याच्या खाली नाही येणार," डॉक्टरबाई म्हणाल्या. "जेवढं गेलं ते गेलं." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी शिडी घेऊन भिंतीवरचा एक्केचाळीस नंबरचा ठिपका काढला आणि हात झटकले.

अभ्यासात आता मी नाही. निघताना डासबाईने डायरी कपाटात ठेवली.

"एवढंच होतं तर नुसतं येऊन बसायचं होतं की, काका."

"काय कारण सांगून?"

तिने कपाटाला कुलूप लावलं.

आता तीन महिन्यांनी एकदा इस्पितळाच्या तळमजल्यावर जातो, इतरांबरोबर रांगेत. परवा खिडकीत नवीन कारकून होता. त्याने मान खाली घालून विचारलं, "घरी कोण असतं?" माझ्याकडे सातव्या मजल्यापर्यंत पुरेल अशी गोष्ट तयार होती. माझा हात पोटाकडे निघालाही होता.

"कोणी नाही," मी म्हणालो.

त्याने तसं लिहिलं आणि पुढच्याला बोलावलं.

सकाळी आठला घड्याळ वाजतं. मी गोळी घेतो, बरोबर आठला, आणि मोठ्याने सांगतो, "ताई, घेतली बरं का." संध्याकाळी आठला पुन्हा सांगतो. मधले बारा तास तिला सांगण्यासारखं काही नसतं, आणि थापा तिला पहिल्यापासून आवडत नाहीत.