कापलेली कड

दिवसभर कांदा काढून कंबरेचा काटा ढिला झाला होता. हातपाय धुऊन ओट्यावर टेकतोय तोच धाकटा शहरातून आला. काखेत वहीएवढी काचेची तसबीर.

"दादा, आपल्या पेटीतला कुळवाचा फोटो. फ्रेम करून आणलाय. काय देखणं दिसतंय शेत बघ."

शेत लांबून देखणंच दिसतं, आत उतरल्यावर कळतं. पण फोटो खरंच झकास होता. ढेकूळ न् ढेकूळ मोजून घ्यावं असा. मागं बाप, कुळवावर भार देऊन वाकलेला. पुढं आमचा पांढरा बैल, मान घालून ओढणारा. मी बैलाच्या पलीकडे बघितलं आणि माझं तोंड कडू झालं. तिथं नुसती फ्रेमची पट्टी होती.

त्या साली दुसऱ्या बैलाचा पाय मोडला होता. पेरणी तोंडावर आलेली, बैल कुणी देईना. म्हणून जुवाच्या दुसऱ्या टोकाला आई लागली होती. वाटेनं जाणाऱ्या एका फोटोवाल्यानं ते टिपलं आणि मागाहून टपालानं धाडलं. आईचा उभ्या जन्मात तेवढा एकच फोटो.

"आई कुठाय रे यात?"

धाकटा चाचरला. "बैठकीत लावायचाय, दादा. चार लोक येतात. आईला बैलाबरोबर जुंपलं होतं, हे कुणाकुणाला सांगू? कड कापून घेतली."

"लाज तुला, आणि कातर तिला?"

पुढं भांडायचंही त्राण नव्हतं माझ्यात.

तेवढ्यात आई भिंत धरत बाहेर आली. तिला आता धूसर दिसतं. तसबीर मांडीवर घेऊन तिनं पार नाकाशी नेली. बापावरून बोट फिरवलं, बैलावरून फिरवलं, पट्टीशी येऊन थांबली.

"मला कापलं होय," ती म्हणाली.

धाकट्यानं मान खाली घातली. "चुकलं माझं, आई."

"असू दे. हे जू बघ, सरळ आहे ना? एकट्या बैलावर जू कधी सरळ राहतं का? दुसरं टोक भुईला टेकतं. दिवसभर मी ते तसूभर खाली जाऊ दिलं नाही." तिनं तसबीर त्याच्या हातात दिली. "लाव खुशाल बैठकीत. पण एखादा शेतातला माणूस आला, तर तो विचारणारच, पलीकडे कोण आहे म्हणून. त्याला तेवढं खरं सांग."