पेंड, मुरघास आणि माझा शंख

मी एक जुनी गोगलगाय आहे. पिवळ्या शंखाची, पाण्यातली, काचेच्या पेटीत वाढलेली. मित्रांनो, आधीच सांगून ठेवते, मला तुमची दया नको. ‘गोगलगाय नि पोटात पाय’ असं तुम्ही येताजाता म्हणता आणि लबाड माणसाला माझं नाव चिकटवता. माझा पाय पोटाखाली आहे हे खरं. मग तो काय डोक्यावर असायला हवा होता? लबाडी कुणाच्या पोटात असते ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. घाटनांदूरच्या बाजूला एक दूध संस्था आहे, तिच्या कचेरीत पाहिलं, आणि तेही दुष्काळात.

माझा जन्म अंबाजोगाईच्या एका दुकानातला. संस्थेचे चेअरमन सुंदरराव नव्या कचेरीसाठी माशांची पेटी घ्यायला आले. दोन सोनेरी मासे त्यांनी शोभेला घेतले आणि मला घेतलं ते काच साफ ठेवते म्हणून. म्हणजे मासे पाहुणे आणि मी झाडूवाली. सोबत संस्थेच्या संचालिका वच्छलाबाई होत्या. त्यांनी दुकानदाराला एवढंच विचारलं, “ही खाती काय?” दुकानदार म्हणाला, उकडलेली भाजी द्या, आणि शंख टिकायला हवा असेल तर अंड्याच्या टरफलाची भुकटी. सुंदरराव तेव्हा माशांचा रंग पाहत होते.

सुरुवातीचे दिवस खरंच बरे गेले. वच्छलाबाई घरून दोडक्याची नाहीतर काकडीची फोड आणत, बिनमिठाची, मऊ उकडलेली. उरलेली फोड त्याच दिवशी काढून टाकत, पाणी नासू नये म्हणून. टरफलाची भुकटी त्या पदराच्या गाठीत लपवून आणत. सुंदरराव माळकरी, त्यामुळे कचेरीत अंड्याचं नाव काढायची सोय नव्हती. माझा शंख असा चकचकीत झाला की दूध घालायला आलेली माणसं हातातले कॅन खाली ठेवून मला बघत. मला कौतुक आवडायचं, खोटं कशाला बोलू?

एके दिवशी पदराची गाठ सुटली आणि भुकटी फरशीवर सांडली. सुंदररावांनी कचेरीभर गोमूत्र शिंपडून घेतलं आणि फर्मान काढलं, “ही दुधाची संस्था हाय. हितलं जनावर पेंडच खाईल!” म्हशीला चालतं ते गोगलगाईला चालतं, ही त्यांची अक्कल. मला सरकी पेंडीचा राग नाही. पण ती पाण्यात पडली की फुगते, मग आंबते, मग पाण्याला असा वास सुटतो की नको जीव होतो. दोन्ही मासे उलटे तरंगले. मी जगले ती माझ्या चिवटपणामुळे, कुणाच्या मेहेरबानीने नाही. शंखाची कड मात्र पांढरी पडली आणि बिस्किटासारखी ठिसूळ झाली.

त्यातच पावसाने पाठ फिरवली. वच्छलाबाईंचा दोडक्याचा वेल वाळला. बाहेर सभासदांच्या जनावरांच्या बरगड्या दिसू लागल्या. संस्थेने चारा द्यायचं कबूल केलं, पण कोणता द्यायचा यावर गाडं अडलं. सुंदरराव म्हणत पेंड. व्हाईस चेअरमन बद्रीनाथ म्हणत मुरघास, म्हणजे मका आंबवून केलेला चारा. एकाचा मेव्हणा पेंडीचा व्यापारी, दुसऱ्याचा साडू मुरघास करणारा, हे पोराबाळांनाही ठाऊक होतं. बैठकीमागून बैठका झाल्या. चहा संपायचा, भांडण संपायचं नाही.

शेवटी वच्छलाबाई वैतागून म्हणाल्या, “तुमच्याच्यानं ठरत न्हाई, तर त्या गोगलगाईला इचारा!”

तो टोमणा होता. शहाण्या माणसाला कळला असता. पण आधी माघार घेईल त्याचं नाक कापलं जाणार, म्हणून दोघांनीही तो उचलून धरला. गावच्या देवीला फुलं लावून कौल घेतात ना, डावं फूल पडलं तर एक, उजवं पडलं तर दुसरं? तसाच कौल माझ्याकडून घ्यायचं ठरलं. पेटीत डाव्या बाजूला पेंड, उजव्या बाजूला मुरघास, मी जाईन तो चारा. बद्रीनाथ म्हणाले, “कौल देनारं उपाशी पायजे.” आजवर दोघांचं एकाही गोष्टीवर एकमत झालं नव्हतं, ते माझ्या उपासावर झालं. माझी पेंडसुद्धा बंद झाली.

कौलाच्या सकाळी कचेरीच्या दारात सभासद जमले. पुढेच रतनबाई होत्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. मेंढरं कधीच विकली गेली होती, आता वासरासकट एक गाय उरली होती. ती बाहेर लिंबाला बांधली होती आणि पायात पाय अडकवत कशीबशी उभी होती. आत दोन्ही बाजूंनी चारा पाण्यात पडला. पाणी गढूळ झालं, आंबट झालं, माझा श्वास कोंडला. मी ना डावीकडे गेले ना उजवीकडे. मी सरळ काच धरून वर निघाले, हवेसाठी.

“डावीकडं झुकली बघा!” सुंदरराव ओरडले.

“कावून खोटं बोलता? उजवीकडं हाय ती!” बद्रीनाथांनी काचेवर थाप मारली.

मग तिकडूनही थाप, इकडूनही थाप. मी काठावर पोचले होते. हादऱ्याने सुटले आणि फरशीवर आदळले. शंखाची कड तडकून उडाली. एवढी माणसं भोवती उभी होती, पण खाली वाकल्या फक्त वच्छलाबाई.

रतनबाई माझ्याकडे पाहून म्हणाल्या, “काय बाई तऱ्हा ही! हिला उपाशी ठिवून इचारायलेत, आन् आमच्या जनावरायला न इचारताच उपाशी ठिवलंय.” त्यांनी आपला कॅन उचलला. “दूध न्हाई घालायची मी हितं. वासराला पाजीन.” मागून एकेकाने कॅन उचलले. त्या दिवशी दुधाचा टेम्पो रिकामा गेला.

दुसऱ्याच दिवशी पेंडही आली आणि मुरघासही आला. इतकं सोपं होतं ते. पण रतनबाईंची गाय आदल्या संध्याकाळी बसली होती. तिच्यापुढे दोन्ही घमेली भरून ठेवली, ती उठली नाही.

आता मी पेटीसकट वच्छलाबाईंच्या ओसरीवर असते. भाजी मिळते, टरफलाची भुकटी मिळते, शंखाला नवी कड फुटली आहे. जुना तडा मात्र तसाच आहे, तो भरत नसतो. मित्रांनो, एखादा जीव घरी आणाल तर आधी तो काय खातो ते विचारा, आणि विचारलंत तर उत्तर ऐका. तुमच्या भांडणाचा निकाल त्याच्या पोटावर लावू नका. हे जमत नसेल तर आम्हाला दुकानातच राहू द्या.

सुंदरराव अजून कधीमधी इकडे चहाला येतात. काचेवर बोट वाजवून म्हणतात, “काय म्हनती आमची गोगलगाय?” माझ्या शंखाला दार आहे. मी आत जाते आणि ते लावून घेते.