पाण्यात गेलेलं घर

मी नकाशा बोलतोय. हिंदुस्थानचा किंवा आशिया खंडाचा भारदस्त नकाशा समजून हात मात्र जोडू नका. मी डोंबिवलीजवळच्या, खाडीकाठच्या एका लहानशा गावाचा नकाशा. गेली सात वर्षं शाळेच्या माळ्यावर गुंडाळून पडलोय. बोलायला कुणी नाही, म्हणून आज तुम्हालाच धरून बसवतोय.

माझा जन्म अठराशे ब्याऐंशी सालचा. विठ्ठल मास्तर तेव्हा घाटावरून बदलून आले होते. मुलं पुस्तकातल्या नद्यांची नावं धडाधड म्हणायची, आणि आपल्या गावाच्या उगवतीला काय आहे असं विचारलं की एकमेकांची तोंडं बघायची. मास्तरांनी पुस्तक मिटलं.

"आधी आपलं गाव काढू, मग गंगा," म्हणाले.

चार मोठे ताव खळीने जोडून मला तयार केलं. दर शनिवारी दुपारी पोरं पावलं मोजत गावभर हिंडायची. शंभर पावलं म्हणजे माझ्यावर एक बोट. महिपतच्या ढांगा लांब, त्यामुळे त्याने मोजलेली देवळाची वाट आखूड निघाली आणि त्याची बरीच थट्टा झाली. आगगाडीचा रूळ काजळीने, घरं गेरूने, शेतं हळदीने, पाणी निळीने. आपलं घर काढून झालं की जो तो त्यावर बोट ठेवून दुसऱ्याला दाखवायचा. बोटं मळकी असत, पण मला त्यांचा लळा लागला.

शेवटी खाडीचा काठ राहिला. त्या शनिवारी पुनव होती. पुनवेला दुपारी खाडीला उधाण येतं आणि थोड्या वेळाने पाणी परत फिरतं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. मास्तरांना नदी ठाऊक. काठ दिवसातून दोनदा जागा बदलतो, हे त्यांच्या गावीही नव्हतं. "पाणी दिसतंय तिथवर निळा रंग भरा," त्यांनी सांगितलं. पोरांनी भरला. पंतोजींपुढे उलट बोलायची रीत नव्हती.

पटावर मुलगी एकच, बायजा. तिचा बाप मिठागरात कामाला आणि झोपडीही मिठागराच्या बांधावरच. भरतीने वाट बुडाली म्हणून ती त्या दिवशी येऊच शकली नाही. बांधावर उभी राहून लांबून सगळं बघत होती.

सोमवारी ती माझ्यासमोर आली आणि बोट ठेवायला जागा शोधू लागली. खूप वेळ शोधलं तिने.

"पंतोजी, आमचा घर पान्यान गेला."

"बायजा मावरा झाली," महिपत म्हणाला, आणि तिला मासळी ठरवून अख्खी शाळा हसली.

मास्तर हसले नाहीत. त्यांनी तिच्याकडून भरती-ओहोटी नीट समजून घेतली. "चूक माझी आहे, पोरी. येत्या शनिवारी ओहोटी असेल, तेव्हा जाऊ. पावलं तू मोज, आणि घरही तूच काढ."

मग रोज ती बांधापासून पावलं मोजतच शाळेत यायची. सहाशे चाळीस. विसरू नये म्हणून दारात शिरतानाही पुटपुटत असायची.

गुरुवारी मास्तरांच्या बदलीचा हुकूम आला, मुरबाडकडे कुठेतरी. शुक्रवारी ते गेलेसुद्धा. जाताना बायजाला काही सांगता आलं नाही त्यांना. तिच्या वाटेवर तेव्हा पाणी होतं.

शनिवारी ती एकटीच आली. गेरू मास्तरांच्या ट्रंकेतून त्यांच्याबरोबरच गेला होता. तिने सहा बोटं आणि वर थोडं असं माझ्यावर मोजलं, बोट थुंकीने ओलं केलं आणि त्या जागचा निळा रंग घासू लागली. रंग निघाला की खालची जमीन दिसेल, अशी तिची समजूत. मी कागदाचा, मला धड थांबही म्हणता येईना. घासता घासता मी फाटलो. तिने हात मागे घेतला आणि कितीतरी वेळ त्या भोकाकडे बघत राहिली. मग गेली. पुन्हा शाळेत आली नाही. इतकं एकटं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

नवे मास्तर आले. "उंदरांनी कुरतडलाय," म्हणत त्यांनी मला माळ्यावर टाकलं. माझ्या जागी छापील आशिया लागला. खाली पोरं पुन्हा नद्या म्हणतात, ते ऐकू येतं. शनिवारी दुपारी शाळा रिकामी असते, तेव्हा करमत नाही.

आता मी पिवळा पडलोय. आज ना उद्या कुणीतरी मला खाली काढेल. चुलीत घातलंत तरी माझी तक्रार नाही. पण कुणी चांगल्या मनाने मला दुरुस्त करायला बसलंच, तर एवढं ऐका. कडा फाटल्यात, त्यांना खुशाल खळ लावा. त्या भोकावर मात्र ठिगळ लावू नका. ते बायजाचं घर आहे.